बटाट्यांचं सोडा काकू, घराच्या पैशांचं बोला

पत्र बरंच मोठं आहे, त्यातला मतलब तेवढा देते. कोथरूडच्या एक काकू लिहितात:

"माझ्याकडे तीन वर्षं पेइंग गेस्ट राहिलेली जर्मन मुलगी मला मावशी म्हणते, भाकरी थापायलासुद्धा माझ्याकडेच शिकली. पुण्यात शिकायला आलेल्या बोत्सवानाच्या मुलाशी तिचं जमलं. मुलगा चांगला आहे, माझ्या घरी जेवलाय. आता आठ महिने ती त्याच्या गावी, मोचुडीला, सासरी राहतेय. गेल्या महिन्यात नात्यात कोणी वारलं तर हिला रात्रभर इतर बायकांबरोबर बटाटे सोलायला बसवलं. एमए झालेली मुलगी हो! बोटं कापली म्हणाली, फोनवर रडली. रस्त्यात पोरं तिला लेखोआ लेखोआ करून ओरडतात. कोणीही येऊन पैसे मागतं. सासूबाई न सांगता खोलीत येतात. तिची आई म्हणते परत ये. हो, आणि तिच्या साठवलेल्या पैशांतून सासूबाईंच्या अंगणात दोन खोल्या बांधायचं चाललंय, ते एक बरं आहे, निदान स्वतःची जागा होईल. तिने किती वाकायचं, तुम्हीच सांगा."

काकू, नमस्कार. पत्र दोनदा वाचलं. बटाट्यावर तुम्ही दीड पान लिहिलंय आणि खोल्यांवर एक ओळ, तीही 'ते एक बरं आहे' म्हणून. मला नेमकं उलटं वाटतंय. पण आधी बटाटेच घेते, कारण ते डोक्यातून गेल्याशिवाय तुम्ही माझं पुढचं काही ऐकणार नाही, मीही नसतं ऐकलं.

मी स्वतः अकरा वर्षं बोत्सवानाच्या राजधानीत, गाबोरोनेत काढली, नवऱ्याची नोकरी होती. मोचुडी तिथून चाळीसेक किलोमीटर, म्हणजे शनिवार-रविवारी सहज जाऊन येण्यासारखं. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाची आई वारली म्हणून आम्ही पहिल्यांदा अशा एका गावी गेलो. तिथे मयत झालं की आठवडाभर रोज संध्याकाळी घरी प्रार्थना होते, लांबलांबची माणसं जमतात, शुक्रवारी रात्र जागवतात आणि शनिवारी उजाडता उजाडता दफन. त्या सगळ्या माणसांना जेवायला घालायचं म्हणजे अंगणात तीन पायांची लोखंडी काळी भांडी चुलीवर, पुरुष एका बाजूला बीफ शिजवून मोठ्या लाकडी दांड्याने कुटत बसलेले (त्याला सेस्वा म्हणतात, मीठ सोडून त्यात जवळजवळ काही नसतं), आणि बायका घोंगड्या पांघरून, डोक्याला रुमाल बांधून, कोबी, भोपळा, बटाटे यांच्या ढिगाभोवती. आम्ही पोचलो तशा आम्हाला लगेच सावलीत प्लास्टिकच्या खुर्च्या दिल्या. ताटं हातात आणून दिली. मी उठून काही उचलायला गेले तर चारजणी धावत आल्या, नको नको मा, बसा. घरी येऊन मी आईला फोनवर काय कौतुकाने सांगितलं, किती मान देतात गं इथे!

पुढे कधीतरी माझ्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना हे सांगितलं तर त्या फिस्सकन हसल्या. म्हणाल्या, पाहुण्यांना खुर्ची देतात, घरच्या बायकांना सुरी देतात.

अकरा वर्षं काकू, मी खुर्चीवरच होते. शनिवारी देऊळ, रविवारी कोणाकडे तरी पावभाजी, दिवाळीला आपलीच शंभर माणसं, आणि शेजारणीचं नाव नीट उच्चारायला मला चार वर्षं लागली, कारण त्यांचा 'ग' घशातून ख सारखा निघतो आणि मी शिकायचा कंटाळा केला. तुमच्या पोरीच्या हातात आठ महिन्यांत सुरी आली. ती रडली ते मी समजू शकते, थंडी, झोप नाही, भाषा कळत नाही, बोटं कापलेली. पण तो अपमान नव्हता. तिथे सुनेला न्ग्वेत्सी म्हणतात आणि न्ग्वेत्सीने अशा वेळी कामाला लागायचं असतं, गाबोरोनेत बँकेत मॅनेजर असलेली सूनसुद्धा शुक्रवारी संध्याकाळी गाडी लावते, स्कर्ट बदलते, खांद्यावर शाल घेते आणि ढिगाशी बसते. आपल्याकडे नाही का, मोठ्या घरच्या लग्नात शिकलेल्या सुनांनाही तांदूळ निवडायला बसवायचे, आणि जिला कोणी हाक मारायचं नाही तीच खरी परकी असायची.

तिला फक्त इतकं सांगा की पुढच्या वेळी पँट घालून जाऊ नको, डोकं आणि खांदे झाकलेले असू देत, आणि कोणी काही दिलं-घेतलं तर दोन्ही हातांनी, किंवा उजव्या हाताला डावा हात लावून. हे ती ऑलरेडी करत असेल तर उत्तमच.

लेखोआचं. शब्द गोऱ्या माणसासाठी आहे, पोरांच्या तोंडी तो बहुतेक वेळा आपल्याकडच्या 'ए फॉरेनर!' सारखा असतो, चिडवणं कमी आणि गंमत जास्त. यावर तिने हसून सेत्स्वानात, म्हणजे तिथल्या भाषेत, 'दुमेला रा', 'दुमेला मा' एवढं म्हटलं तरी पोरं गार पडतात. तिथे नमस्कार न करता विषयाला हात घालणं म्हणजे महाउद्धटपणा, दुकानात मीठ मागायचं तरी आधी दुमेला, मग कशा उठलात, मग मीठ. जर्मन माणसाला हे अवघड जातं (मी बघितलंय, एक शेजारी होते, सरळ 'स्क्रू आहे का' म्हणून फाटकात उभे). पुण्यात दुकान एक ते चार बंद असायची सवय झालेल्या मुलीला काय अवघड आहे म्हणा.

आता तुमचा खरा प्रश्न, किती वाकायचं. इथे मला रूथ खामा आठवतात. तुम्हाला नाव माहीत नसेल पण बोत्सवानात लहान मूलही सांगेल. लंडनची मुलगी, ऑफिसात क्लार्क, युद्धात हवाई दलाच्या महिला विभागात अँब्युलन्स चालवलेली. 1947 मध्ये तिची ओळख झाली सेरेत्से खामांशी, ते आजच्या बोत्सवानातल्या बांग्वातो लोकांचे होणारे राजे, लंडनला कायदा शिकायला आलेले. 1948 च्या सप्टेंबरात लग्न केलं, तेही रजिस्टर, कारण चर्चने लावून द्यायला नकार दिला. मग जो गोंधळ उडाला तो उडालाच. शेजारी दक्षिण आफ्रिकेत तेव्हा नुकतंच मलान यांचं सरकार आलेलं, त्यांनी 1949 मध्ये गोऱ्या-काळ्यांच्या लग्नांवर कायद्याने बंदी घातली आणि यांच्या डोळ्यासमोर हद्दीला लागूनच गोरी राणी! ब्रिटिश सरकारने दक्षिण आफ्रिकेला दुखवायला नको म्हणून सेरेत्सेंना बोलणी करायला लंडनला बोलावलं आणि 1950 मध्ये परत जायचंच नाही म्हणून सांगून टाकलं. रूथ तेव्हा गरोदर, एकटी, सेरोवे गावात, पहिली मुलगी तिथेच झाली. नंतर तीही लंडनला गेली, आणि 1956 मध्ये राजेपदावर पाणी सोडल्यावरच दोघांना परत येता आलं.

मला यातलं जास्त इंटरेस्टिंग वाटतं ते वेगळंच आहे. सगळ्यात आधी विरोध केला तो सेरेत्सेंच्या काकांनी, त्शेकेदींनी, ज्यांनी त्यांना वाढवलं आणि त्यांच्या वतीने राज्य चालवलं. सेरोवेच्या खोत्लात, म्हणजे गावच्या चावडीतच समजा, तीन मोठ्या सभा झाल्या. पहिल्या सभेत लोक लग्नाच्या पार विरुद्ध. 1949 च्या जूनमधल्या तिसऱ्या सभेत मात्र चित्र फिरलं, विरोधात मूठभर उभे राहिले आणि बाजूने हजारो. आणि काकू, तोपर्यंत रूथला त्यांनी पाहिलेलीच नव्हती! ती पोचली ऑगस्टमध्ये. म्हणजे लोकांनी तिला पसंत केलं वगैरे काही नाही, आपला राजा जाऊन काकांच्याच हाती सगळं राहील का ही भीती होती, म्हणून 'बायको गोरी तर गोरी' असा तो निर्णय होता. माणूस म्हणून तिची ओळख पुढे व्हायची होती आणि तिला वर्षं लागली.

आणि ती काही त्स्वाना बाई झाली नाही, शेवटपर्यंत इंग्रजच वाटायची असंच लोक सांगतात. पण 1958 मध्ये जुळे मुलगे झाले तेव्हा एकाचं नाव ठेवलं त्शेकेदी. ज्या काकांनी आकाशपाताळ एक केलं त्यांचं नाव, कारण तोवर समेट झाला होता. सेरेत्से 1966 मध्ये स्वतंत्र बोत्सवानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, 1980 मध्ये गेले. तेव्हा तिला लंडनला परतायला कोण अडवणार होतं? ती राहिली. 2002 मध्ये गेली आणि सेरोवेच्या टेकडीवर नवऱ्याशेजारीच पुरली.

हे ऐकून पोरीला 'बघ रूथने कसं केलं' म्हणून डोस पाजू नका हां. रूथ राजाची बायको होती, तुमची पोर साध्या अंगणात राहते, एक नळ, एक फाटक, चार नातेवाईक कायम मुक्कामाला. मुद्दा एवढाच की वाकून वाकून वेगळीच कोणीतरी होण्याची गरज नसते. दुसरं टोकही आहे म्हणा, सुझान वेंगर, ऑस्ट्रियाची चित्रकार, 1950 मध्ये नायजेरियात गेली आणि ओसोग्बो गावात ओशुन नदीच्या देवराईत रमली ती कायमची, तिथल्या योरुबा लोकांच्या देवांची पुजारीण झाली, 2009 मध्ये तिथेच वारली. तिच्या आतूनच ते आलं होतं. पण तीसुद्धा नुसती भक्ती करत नव्हती, पडझड झालेली देवळं तिथल्या गवंडी-सुतारांना बरोबर घेऊन उभी करत होती, आणि 2005 मध्ये ती देवराई युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली. तुमच्या पोरीला पुजारीण व्हायचं नाहीये, तिला बहुतेक नीट झोपायचंय.

त्यामुळे खोलीचं सरळ सांगते. सासूबाईंनी न सांगता येणं हे तिथे वाईट मानतच नाहीत, पण सुनेने नम्रपणे सीमा आखणंही कोणी गुन्हा मानत नाही, फक्त ते तिने स्वतः सासूला सांगायचं नसतं. नवऱ्याने त्याच्या मामाला किंवा थोरल्या बहिणीला सांगायचं आणि त्यांनी पुढे. मामाला तिथे फार वजन, लग्नाच्या बोलणीपासून सगळं मामा बघतो. जर्मन पद्धतीने 'आपण बसून स्पष्ट बोलू या' केलं की घरात आठ दिवस सुतक.

पैसे मागतात त्याचं पण असंच आहे. एकेकाला देत बसली तर संपेल, आणि कोणाला दिले कोणाला नाही यावरून भांडणं वेगळीच. तिला म्हणावं मोत्शेलोत शिर. मोत्शेलो म्हणजे अगदी आपली भिशीच, बायका दर महिन्याला पैसे गोळा करतात आणि आळीपाळीने घेतात, काही ठिकाणी त्यातून कर्जही देतात. शिवाय मयताच्या खर्चासाठी गावात वर्गणीच्या सोसायट्या असतात, तिथेही दर महिन्याला ठरलेली रक्कम द्यायची. दोन्हीकडे नियमित भरत असली की दारात आलेल्या माणसाला 'माझे पैसे मोत्शेलोत अडकलेत' हे उत्तर देता येतं, ते सगळ्यांना पटतं आणि खोटंही नसतं. आणि भिशीत बसल्यावर ज्या गप्पा ऐकायला मिळतात त्याने भाषा जितकी येते तितकी क्लासने येत नाही.

आता खोल्या.

काकू, हे वाचून कृपा करून आजच फोन करा. दोन खोल्या बांधायचा विचार थांबवायला सांगा. मोडायला नाही, थांबवायला.

बोत्सवानात गावाकडची बहुतेक जमीन ही जमातीची जमीन, देशाचा साधारण 70 टक्के भाग. ती विकत घेत नाहीत, पूर्वी राजा वाटून द्यायचा, 1968 च्या कायद्यानंतर लँड बोर्ड देतं. अंगणाचा तुकडा कोणाच्या नावावर आहे त्याचा कागद लँड बोर्डात असतो. तो सासूबाईंच्या नावावर असेल, कदाचित वारलेल्या सासऱ्यांच्या नावावरच राहिला असेल, असं खूप असतं. तिच्या पैशांनी त्यावर भिंती उभ्या राहिल्या की त्या भिंती अंगणाबरोबर जाणार. आणि अंगण कोणाला जातं? बऱ्याच त्स्वाना गावांत रिवाज असा की आईवडिलांचं राहतं घर धाकट्या मुलाला. तुमचे जावई धाकटे आहेत का? पत्रात तुम्ही एका ठिकाणी ओघात लिहिलंय, 'त्याचा लहान भाऊ अजून शिकतोय'. मी तिथेच थांबले.

मी दिराला वाईट म्हणत नाहीये, पोर बिचारं गोडच असेल. पण पंधरा वर्षांनी त्याची बायको येईल आणि ती काही या दोन खोल्यांसाठी पोरीची आभारी असणार नाही.

रिवाज दगडावरची रेघ नाहीत हेही खरं. कान्ये गावच्या म्हाताऱ्या बहिणी, एडिथ म्मुसी आणि त्यांच्या बहिणी, राहत्या घरासाठी कोर्टात गेल्या, कारण घर पुरुष वारसालाच असा दावा होता. 2012 मध्ये हायकोर्टाने आणि 2013 मध्ये अपील कोर्टाने बहिणींच्या बाजूने निकाल दिला. त्याआधी खुद्द मोचुडीच्याच युनिटी डाऊ, अमेरिकन माणसाशी लग्न केलेलं, तर कायदा म्हणे मुलांना आईकडून नागरिकत्व मिळणार नाही, बापाकडूनच. त्या सरकारविरुद्ध लढल्या आणि 1992 मध्ये जिंकल्या, पुढे न्यायाधीश झाल्या, मंत्रीही. तेव्हा 'आफ्रिकेत बायकांना काही अधिकारच नाहीत' असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. पण म्मुसी बहिणी त्या घरात जन्मलेल्या, डाऊ बाई स्वतः वकील. तुमची पोर परदेशी आहे, तिने कोर्टात जायची वेळच येऊ न देणं बरं.

म्हणजे काय करायचं? पहिलं, लग्न. तुम्ही लिहिलंय मामा लोक गेले, बोलणी झाली, गुरं ठरली, मोठी मेजवानी झाली. ते छान झालं, ते गावाच्या दृष्टीने लग्नच आहे आणि कायदाही मानतो. (गंमत म्हणजे सेरोवेकडच्या बांग्वातोंमध्ये गुरं द्यायची प्रथा त्यांच्या तिसऱ्या खामा राजाने एकोणिसाव्या शतकातच बंद केली होती, मोचुडीकडे बाखात्ला लोक, त्यांचं वेगळं. बाखात्लांचं देवक माकड, बांग्वातोंचं एक छोटं हरीण. हो, देवकच, आपल्यासारखं, त्याला मारायचं-खायचं नाही.) पण डिस्ट्रिक्ट कमिशनरच्या ऑफिसात रजिस्टर झालंय का? पत्रावरून वाटत नाही. आधी ते. आणि रजिस्टर करताना मालमत्ता एकत्र की वेगवेगळी हे लेखी ठरतं, त्याच्या आधी गाबोरोनेतल्या एका वकिलाकडे दोघांनी जाऊन तास-दोन तास बसावं. व्हिसा, परमिट, पुढे मुलं झाली तर त्यांचे पासपोर्ट, हे पण त्याच बैठकीत. जर्मन पासपोर्ट सोडायच्या गोष्टी कोणी करत असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय हो म्हणू नये.

दुसरं, जावयांनी स्वतःच्या नावाने लँड बोर्डात प्लॉटसाठी अर्ज टाकायचा. रांग लांब असते, वर्षानुवर्षं लागतात, माहितीये. तोवर गाबोरोनेत भाड्याचं छोटं घर घ्यावं आणि गावी येऊन-जाऊन असावं. याला तिथे कोणी 'वेगळं निघाली' म्हणत नाही, कारण जवळजवळ सगळेच असे राहतात, नोकरी शहरात, घर गावात, शेत एकीकडे आणि गुरांचा गोठा आणखी कुठेतरी लांब माळावर. चार ठिकाणी संसार हा त्यांचा जुनाच शिरस्ता. ती मोचुडीत कायम अडकून पडली तरच ते विचित्र दिसेल.

तिसरं म्हणजे जावई. त्यांच्याबद्दल तुम्ही फक्त 'चांगला आहे, गप्प असतो' एवढं लिहिलंय. गप्प चालणार नाही. पुण्यात त्याला कोणी घर भाड्याने देत नव्हतं, रिक्षावाले थांबत नव्हते, तेव्हा कोण बोललं? माझी खात्री आहे ही पोरगीच तावातावाने बोलली असणार. आता त्याच्या गावात बोलायची पाळी त्याची. तुम्ही त्याला जेवायला घातलंय, तुमचं ऐकेल, त्याला वेगळा फोन करा.

तिच्या आईला मात्र तुम्ही काही समजवायला जाऊ नका. आई घाबरणारच. तिला एकदा येऊन जाऊ दे, पावसाच्या आधी नाही, डिसेंबर-जानेवारीत पाऊस झाल्यावर, तेव्हा तो सगळा भुरकट मुलूख हिरवा होतो आणि माणसंही खुशीत असतात. तिथे पाऊस आणि देशाचं चलन दोघांना एकच शब्द, पुला. आई आली की लग्न झालेल्या बायका नेसतात तो निळा छापील कपडा बघून हसेल, कारण त्याला तिकडे जर्मन प्रिंट असंही म्हणतात, एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन लोकांमुळे. विहिणीला तोच द्यायचा. आणि नाश्त्याला आंबवलेल्या ज्वारीची पेज मिळेल, टिंग म्हणतात, चवीला थेट आंबील. तुमच्याकडे पोरीने आंबील खाल्लीच असेल, आईला आधी सांगून ठेवायला सांगा, नाहीतर खराब झालीये म्हणून बाजूला सारेल आणि तिथे वाढलेलं बाजूला सारणं कोणालाच आवडत नाही.

परत यावं का, हे मी सांगणार नाही. नवरा बोलता झाला नाही, कागद झाले नाहीत, तर या प्रश्नाकडे मीच वेगळ्या नजरेने बघेन, तेव्हा पुन्हा लिहा. पण बटाट्यांवरून तर नक्कीच नाही.

आणि तुम्हाला काहीतरी करायचंच असेल, नुसतं फोनवर हळहळायचं नसेल, तर तुळशीबागेत जाऊन ते बटाट्याची सालं काढायचे पीलर मिळतात ना, लोखंडी पात्याचे, साधे, ते डझनभर घ्या आणि पार्सल करा. मी पाहिलं तेव्हा त्या बायका सगळं बोथट सुऱ्यांनीच सोलत होत्या, म्हणून तर बोटं कापतात. फक्त पार्सलवर नाव पोरीचं घालू नका, सासूबाईंचं घाला. पुढच्या शुक्रवारी रात्री त्याच वाटतील सगळ्यांना.